गाडी रिकामी करून द्यायची असते

माणसाच्या जिभेवर शब्द कोण आणून ठेवतं आणि कधी उचलून नेतं, हे एका देवालाच ठाऊक. उस्तादांचे शब्द गेले ते एका सकाळी, दात घासताना. ब्रश हातातून निसटला, उजवा हात खांद्यापासून लोंबायला लागला आणि बायकोला हाक मारायला तोंड उघडलं तर आतून नुसता वारा आला. दवाखान्यातून घरी परतले तेव्हा पाय बऱ्यापैकी सावरला होता. पण हात रुसलेला तो रुसलेलाच, आणि बोलण्याचं तर विचारूच नका. पाणी हवं असलं की "चावी" म्हणायचे. चहा नको असला की "सोमवार". बायको बिचारी पाणीही आणायची आणि चावीही आणून पुढे ठेवायची. सोमवार मात्र तिला आणता यायचा नाही.

उस्ताद हे काही त्यांचं कागदावरचं नाव नव्हे. अख्खा जन्म मोठमोठे ट्रेलर हाकण्यात गेला. हाताखाली शिकून गेलेले ड्रायव्हर त्यांना उस्ताद म्हणायचे, त्यांचं ऐकून मालक म्हणायला लागला, मग शेजारीपाजारी आणि शेवटी घरचे. असा माणूस आता खिडकीशी खुर्ची टाकून बसायचा, रस्त्यावरून गाडी गेली की मान वळवायचा आणि ती दिसेनाशी झाली की डोळे मिटून घ्यायचा.

त्यांना एकुलती एक लेक. चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात कामाला. लहानपणी शाळेला सुट्टी लागली की ती बापाबरोबर ट्रेलरवर जायची, आणि बाप काही तिला फुकट बसवून नेत नसे. हातात एक लाकडी दांडकं द्यायचा. गाडी थांबली की खाली उतरायचं, गाडीभोवती फेरी मारायची आणि एकेका टायरवर दांडकं हाणायचं. 'ठण' वाजलं तर हवा ठीक, 'थप' वाजलं तर टायर बसला. ट्रकवर हे काम क्लीनरचं. म्हणून बापानं तिचं नावच क्लीनर ठेवलं. शाळा संपली, नोकरी लागली, तरी क्लीनर ती क्लीनरच. पण त्या सकाळपासून तो शब्दही गेला. तिला हाक मारायला जायचे, तोंडातून "भाजी" निघायचं, मग स्वतःवरच चिडून भिंतीकडे तोंड फिरवायचे.

लेकीनं कॉलेजात असताना खेळ खेळण्यासाठी एक कॉम्प्युटर जुळवला होता. एकेक भाग आणून, स्वतः स्क्रू पिळून. मोठी काळी पत्र्याची पेटी, आत घरघरणारे पंखे. नोकरी लागल्यावर तो कोपऱ्यात धूळ खात पडला होता. एका रविवारी तिनं तो पुसून काढला, कुणाकडून तरी वापरलेलं स्टिअरिंग आणि पेडल मिळवली, आईच्या शिलाई मशीनच्या टेबलाला ती कसून बसवली, आणि ट्रक चालवायचा एक खेळ लावून बापाला समोर बसवलं. रुसलेला उजवा हात स्टिअरिंगवर ठेवून वरून मऊ फडक्याची पट्टी बांधली.

आणि आता गंमत ऐका. पडद्यावरचा ट्रक रस्त्याला लागला, समोरून एक मोटार आडवी घुसली, आणि ज्या तोंडातून धड पाणी निघत नव्हतं त्याच तोंडातून खणखणीत आवाज आला, "अरे ए! रस्ता काय सासऱ्यानं आंदण दिलाय तुला?"

स्वयंपाकघरात बायकोच्या हातातलं भांडं खाली पडलं. ती धावत आली, दारात उभी राहिली आणि पदर डोळ्यांना लावून हसायला लागली. म्हणाली, "हा आवाज परत ऐकू दे म्हणून मी देवाला साकडं घातलं होतं. देवानं दिला खरा, पण शिव्यांसकट!"

तेव्हापासून घरात दोन पाळ्या सुरू झाल्या. सकाळची पाळी शिलाई मशीनची, संध्याकाळची ट्रकची. स्टिअरिंगपुढून उठले की शब्द पुन्हा गायब, चावी आणि सोमवार हजर. पण बसलेले असेपर्यंत ते बोलायचे, रस्त्यावरच्या गाड्यांशी, सिग्नलशी, घाटातल्या वळणांशी. हाताचा व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाई तर बघतच राहिल्या. "बोटं उघडायला लागलीयत यांची," त्या म्हणाल्या. "बोलणंसुद्धा इथूनच परत येईल, वाट सापडलीय त्याला. फक्त हे बंद पडू देऊ नका. एकदा हात पुन्हा आखडला तर मग माझ्याच्यानं उघडायचा नाही."

खेळात उस्तादांनी भाड्याच्या गाडीपासून सुरुवात केली होती. माल पोहोचवत पोहोचवत स्वतःचा ट्रक घेतला. निळा. खरी गाडी होती अगदी त्याच रंगाचा. त्याच्या काचेवर आत लोंबणारा कंदील लेकीनं लावून दिला होता. एरवी ज्यांना कपाळावर माशी बसली तरी उडवायचा कंटाळा, ते त्या निळ्या ट्रकवर धूळ बसली तरी आधी धुवायला न्यायचे.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग कॉम्प्युटरनं रडगाणं लावलं. सुरू केला की पडद्यावर पाटी यायची: तुमच्या सिस्टिमची देखभाल आता बंद झाली आहे, नवीन घ्या. नवीन घ्यावी तर ती म्हणायची, हे यंत्र फार जुनं, यावर मी बसणार नाही. वर तो इतका संथ झाला की ट्रक घाटात असताना चित्र अडकायचं, आणि चित्र सुटेपर्यंत ट्रक दरीत. उस्तादांना तो अपघात आपल्याच हातून झाल्यासारखा लागायचा. त्या दिवशी जेवायचे नाहीत.

एका शनिवारी दुपारी लेकीनं विषय काढला. उस्तादांचे जुने दोस्त मिस्त्री चहाला आले होते. स्वतःचं गॅरेज मुलाच्या हवाली करून आता ते जगातली सगळी इंजिनं नुसती ऐकून ओळखायचे.

"बाबा, मी याच्यावर दुसरी सिस्टिम टाकते. लिनक्स म्हणतात. हलकी आहे, जुन्या यंत्रावर छान चालते. आणि फुकट आहे."

"फुकट ते पौष्टिक!" मिस्त्री बशी तोंडाला लावता लावता म्हणाले. "पण सिस्टिम म्हणजे काय गं? इंजिन खोलणार?"

"नाही हो काका. इंजिन तेच, चाकं तीच." लेकीला वाटलं, बापाला समजेल असं सांगावं. मोठ्या प्रेमानं तिनं उपमा शोधली. "असं समजा, गाडी तीच राहणार, फक्त ड्रायव्हर नवा बसवायचा."

उस्तादांचा चहाचा कप तोंडाशी गेलेला तसाच खाली आला.

हेच वाक्य त्यांनी एकदा ऐकलं होतं. दवाखान्यातून आल्यावर मालक भेटायला आला, फळं घेऊन आला, खुर्चीच्या टोकावर बसला आणि म्हणाला, काळजी करू नका उस्ताद, गाडी तीच आहे, फक्त ड्रायव्हर नवा बसवलाय. मालकाच्याही मनात वाईट नव्हतं. पण सुरी लोण्याची असली तरी सुरीच.

"चावी," उस्ताद म्हणाले. बायकोनं पाणी आणलं. पण या वेळी त्यांना पाणी नको होतं. त्यांना काय म्हणायचं होतं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

मिस्त्रींनी काहीतरी ओळखलं असावं. दोस्ताच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "अरे, गाडी कुरकुरायला लागली की गॅरेजला द्यावीच लागते. तूच सांगायचास ना पोरांना? रस्त्यात बंद पडण्यापेक्षा अंगणात खोललेली बरी."

उस्तादांनी बराच वेळ काळ्या पेटीकडे पाहिलं. मग मान हलवली. हो. ड्रायव्हरनं गॅरेजला नाही म्हणू नये.

संध्याकाळी लेकीनं तयारी केली. जुनं सगळं पुसलं जाणार, म्हणून बापाचं जे जे त्यात होतं ते एका पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायला लावलं. लग्नाचे फोटो, आईची भजनं, आणि शेवटी खेळाचं सगळं, निळ्या ट्रकसकट. पेनड्राइव्ह पेटीच्या पाठीमागे खोचलेली होती, काम सावकाश चाललं होतं. "होईल आपोआप," म्हणाली आणि आईबरोबर भाजी आणायला बाहेर पडली. थोड्या वेळानं पडदाही स्वतःहून काळा झाला, तसा तो रोजच व्हायचा.

घरात उस्ताद एकटे.

आता त्यांच्या धंद्यातला एक रिवाज सांगतो. गाडी गॅरेजला द्यायची तर केबिन रिकामी करून द्यायची. चादर, पाण्याची बाटली, हत्यारं, काचेवरचा देव, सगळं उतरवायचं. गॅरेजवाला चोर असतो म्हणून नव्हे. दुसऱ्याच्या हातात द्यायची ती गाडी मोकळी असावी, आपला जीव तिच्यात अडकलेला नसावा, म्हणून. हा नियम त्यांनी जन्मात एकदाच मोडला होता, हात जायच्या जरा आधी. ती गाडी परत त्यांच्या हातात आलीच नाही, आणि त्यांची चादर आजही कुठल्या तरी अनोळखी केबिनमध्ये असेल.

ते उठले. डाव्या हातानं स्टिअरिंगची पकड ढिली केली, उजव्यानं कोपरापासून टेकू दिला. स्टिअरिंग उतरलं. पेडल उतरली. टेबलाला अडकवलेले हेडफोन उतरले. मग त्यांनी पेटीभोवती एक फेरी मारली, कुठे काही राहिलं का बघायला. पाठीमागे ती इवलीशी पेनड्राइव्ह लुकलुकत होती. त्यांनी तीही हळूच ओढून काढली. शेवटी इंजिन बंद करावं तसं समोरचं बटण ते विझेपर्यंत दाबून धरलं. सगळं सामान मऊ फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवलं, डबा कपाटात ठेवला आणि खिडकीशी जाऊन बसले. छाती जरा हलकी झाली होती.

सकाळी लेकीनं टेबल मोकळं पाहिलं. "आई, पेनड्राइव्ह कुठंय?"

"तुझ्या बाबांनी सगळं नीट डब्यात ठेवलंय."

लेकीनं डबा उघडला, फडकं सोडलं. पेनड्राइव्ह होती. तिला बापाचं कौतुक वाटलं. एकदा लावून बघावी, सगळं उतरलंय का पाहावं, असं मनात आलंसुद्धा. पण कामाचा उत्साह मोठा वाईट. तिनं पेटी सुरू करून नवी सिस्टिम बसवायला घेतली आणि जुनं सगळं पुसलं गेलं.

दुपारपर्यंत नवी सिस्टिम बसली. पेटी अशी चटकन उठली की मिस्त्री, जे तमाशा बघायला सकाळपासूनच येऊन बसले होते, म्हणाले, "ऐक, ऐक, आवाज ऐक! इंजिनातला कार्बन काढल्यासारखी वाजतेय." खेळ पुन्हा उतरवला, तोही सुरू झाला. स्टिअरिंग लावलं तर त्याचा दिवा लागला, पण पडद्यावरचं चाक आपलं एका बाजूला ओढ घेत राहिलं. लेक घामाघूम. इकडे वाच, तिकडे शोध. उस्ताद मागे उभे होते, आणि त्यांची उजव्या हाताची बोटं पट्टीशिवायच मिटत होती, उघडत होती.

"बाबा, बसा. याला मधली जागा कळत नाहीये. पूर्ण डावीकडे फिरवा. हां. आता पूर्ण उजवीकडे. अजून. अजून थोडं."

उजवीकडे शेवटपर्यंत न्यायचं तर उजव्या हातानंच ओढायला हवं होतं. त्यांनी ओढलं. कपाळावर शीर फुगली, पण चाक टोकाला जाऊन टेकलं. सोडलं, तसं ते मधोमध येऊन शहाण्या पोरासारखं उभं राहिलं.

"जमलं!" लेक ओरडली. "आता तुमचा ट्रक आणते."

तिनं पेनड्राइव्ह लावली. फोटो होते. भजनं होती, त्यातलीही शेवटची काही नव्हती. आणि खेळाचं काहीच नव्हतं.

तिनं पुन्हा पाहिलं. पेनड्राइव्ह काढून परत लावली. पडद्यावर खेळ आपला विचारत होता: नवीन ड्रायव्हर, नाव लिहा.

"काय झालं गं?" आईनं विचारलं.

"अर्धंच उतरलं होतं, आई. ट्रक गेला. मी न बघता पुसलं." तिला रडू फुटलं. "बाबांचा ट्रक पुसला मी. इतके दिवस एकेक खेप करून मिळवलेला. एकदा नुसतं लावून बघायचं होतं गं, एकदाच."

आई लेकीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

आणि उस्ताद? त्यांच्या डोळ्यांपुढे ती लुकलुकणारी पेनड्राइव्ह उभी राहिली. दिवा लुकलुकत होता म्हणजे काम चालू होतं. चालू गाडीचं सामान उतरवलं त्यांनी. पोरीचा काय दोष? असलाच तर अर्धा. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, सांगायला तोंड उघडलं.

"सोमवार," ते म्हणाले.

त्यांनी मान झटकली. पुन्हा जोर लावला. "चावी. चावी... भाजी."

"राहू द्या बाबा," लेक डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही रागावला नाहीत, कळलं मला."

पण तिला कळलं नव्हतं! हेच तर दुखणं होतं. ती आपली सगळं ओझं एकटीच्या डोक्यावर घेऊन रडत होती, आणि ज्याच्याकडे तिला मोकळं करणारं वाक्य होतं त्याच्या जिभेला कुलूप. देवा, निळा ट्रक ने, पण हे एक वाक्य दे, असं त्यांच्या मनात आलं असेल का? त्यांच्या चेहऱ्यावरून तरी तसंच वाटत होतं.

मग ते खुर्चीत बसले. उजवा हात उचलून स्टिअरिंगवर ठेवला. लेक पट्टी बांधायला पुढे झाली, तर मानेनंच नको म्हणाले. बोटानं पडदा दाखवला.

"नवीन ड्रायव्हर म्हणून सुरू करायचं?" लेकीनं विचारलं. "अगदी पहिल्यापासून? भाड्याच्या गाडीवर?"

त्यांनी मान हलवली. तिनं नावाच्या जागी 'उस्ताद' लिहिलं. खेळानं त्यांना कुणाची तरी लाल, जुनाट, कुरूप गाडी दिली आणि जवळच्याच गोदामात विटा पोहोचवायला सांगितल्या.

"विटा!" मिस्त्रींना राहवेना. "इतका मोठा उस्ताद, आणि विटा!"

गाडी हलली. पहिल्या वळणावर उजवा हात घसरला, गाडी कठड्याला घासली. आईनं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. त्यांनी हात पुन्हा वर ठेवला. दुसरं वळण सुटलं. गाडी सरळ रस्त्याला लागली, गिअर पडला, आणि खोलीत नुसता पंख्यांचा आवाज राहिला. चित्र कुठे अडकत नव्हतं. समोरून एक टँकर रस्त्याच्या मधून आला.

"अरे हाण ना बाजूला! डोळे काय खिशात ठेवलेत?"

मिस्त्री खदखदून हसले. "आला! आला आमचा माणूस!"

उस्ताद हसले नाहीत. नजर रस्त्यावर होती. तोच सूर, तोच वेग न सोडता, जणू तेही समोरच्या टँकरलाच सांगायचं असावं, तसे ते म्हणाले, "मी काढली ती. मागची. काल. चालू होती तरी काढली. गाडी रिकामी करून द्यायची असते, म्हणून काढली. बंद करायचं बटणपण मीच दाबलं. तू नाही."

लेक थिजून उभी राहिली. स्टिअरिंगपुढे बसून त्यांनी आजवर गाड्यांना सुनावलं होतं, सिग्नलला सुनावलं होतं. घरातल्या माणसाशी ते पहिल्यांदाच बोलत होते.

"तुम्ही काढलीत?" तिनं विचारलं. "बाबा, मग सांगायचं नाही का?"

"सांगत होतो की. सोमवार म्हणालो."

आई हसता हसता खाली बसली. लेक रडत होती की हसत होती ते तिचं तिलाही कळेना. "पण तपासलं मी पण नाही ना," ती म्हणाली.

"नाही तपासलंस. ते चुकलंच तुझं." सिग्नल लाल झाला, त्यांनी ब्रेक दाबला, थांबले. "दोघांचं चुकलं. निळी होती छान." सिग्नल हिरवा झाला तरी क्षणभर गाडी तिथेच उभी राहिली. मागून कुणीतरी भोंगा वाजवला, तेव्हा क्लच सुटला.

गोदाम आलं. मोठ्या ट्रेलरला लागत नाही इतका वेळ ती लाल गाडी मागे घ्यायला लागला. उजव्या हाताची बोटं चाकाभोवती मिटलेली होती, पांढरी पडलेली, पण मिटलेली. मिस्त्री खुर्चीच्या मागून "येऊ दे, येऊ दे, बस" करत होते. विटा पोहोचल्या. उस्तादांनी इंजिन बंद केलं, घाम पुसला, आणि पडद्यावरची नजर न काढता हाक मारली,

"ए क्लीनर! बसलीस काय? उतर खाली. हवा बघ."

लेकीनं शिलाई मशीनच्या खणातून आईची लाकडी पट्टी उचलली. टेबलाभोवती फिरली, बाबांच्या खुर्चीमागून, मिस्त्रींचे पाय ओलांडून, पेटीच्या पाठीमागे जाऊन वाकली. काळ्या पत्र्यावर पट्टी हाणली.

"ठण," ती तिथूनच ओरडली. "ठीक आहे, उस्ताद!"

"तिकडच्या बाजूची पण बघ," उस्ताद म्हणाले. "आळस नको."